इतर : तीन मिनिटं

जोयड्याच्या तालुका कचेरीत भिंतीला एक कागद चिकटवला होता आणि त्या कागदावर एका तासाचे चार तुकडे पाडले होते. सत्तेतला पक्ष, तेहतीस मिनिटं. विरोधी पक्ष, एकोणीस. तिसरा पक्ष, पाच. आणि सगळ्यात खाली, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखं : इतर, तीन.

बाळीनं तो कन्नड कागद दोनदा वाचला. आंबेकोंडात कन्नड नीट वाचता येणारी ती एकटीच, म्हणून सासऱ्यानं तिला आदल्या दिवशीच पुढं पाठवलं होतं. आंबेकोंड म्हणजे बाजारकुणंगच्या पलीकडं, रानात, बावीस घरांचा कुणब्यांचा वाडा. तो वाघांसाठी मोकळा करायचा की नाही, हे ऐकायला बेंगळूरहून आमदारांची समिती येणार होती. वाड्याला एकच गोष्ट सांगायची होती : आम्ही उठणार नाही. ती समितीच्या कागदात उतरायला हवी होती. न उतरली तर हरकत नाही असं धरलं जाईल, हे नोटिशीत छापलं होतं, तेही अगदी शेवटच्या ओळीत, कुणाचं लक्ष जाऊ नये अशा बेतानं.

"हे तीन कुणाचं रे?" तिनं टेबलामागच्या प्रवीणला विचारलं. प्रवीण रामनगरच्या दुकानदाराचा पोरगा, कचेरीत कारकून. घरी मराठी, टेबलावर कन्नड.

"तुमचं, अक्का."

"आणि तेहतीस?"

"विधानसभेत ज्यांचे जितके आमदार, तितकी त्यांना मिनिटं. तसा हिशेब असतो. त्यांनी ज्यांना आणलं ते त्यांच्या वेळात बोलणार. ज्यांना कुणी आणलं नाही ते इतर."

"आमचं आमदार किती?"

"शून्य."

"मग शून्याला तीन कशी आली?"

प्रवीण हसला. "ती वरनं टाकलेली. घे म्हटलं की घ्यायची."

बाळी हसली नाही. घरं जायची बावीस, आणि बोलायला मिनिटं मिळायची त्यांना ज्यांनी आंबेकोंडची वाट कधी तुडवली नाही. वर त्याला नियम म्हणायचं. चोराला चोर म्हणता येतं, नियमाला काय म्हणायचं?

तेवढ्यात गणपती आला. तिसऱ्या पक्षाचा तालुक्यातला माणूस, खांद्यावर पक्षाचं उपरणं. त्यानं बाळीला बाजूला घेतलं. "येसाजीबाबांच्या गळ्यात हे टाक. आमच्या पाचातली दोन देतो. एक फोटो, बस्स."

"बुधवंताच्या गळ्यात?" बाळी म्हणाली. "तुझ्या बापाच्या लग्नात अक्षता कुणी टाकल्या, विसरलास?"

बुधवंत म्हणजे वाड्याचा म्होरक्या. पिढीजात मान. येसाजी हा बुधवंत आणि बाळीचा सासरा. त्याच्या गळ्यात कुणाचं उपरणं पडलं की तो वाड्याचा राहत नाही, पक्षाचा होतो. गणपती तोंड वाकडं करून गेला.

"बरं, आता सांग," प्रवीण पेन उघडून म्हणाला. "इतर सुरुवातीला घालू की शेवटी? मला विचारशील तर पहिल्यांदा घे. वेळ संपल्याची घंटी सुरुवातीला सैल असते. शेवटाला साहेबांना जेवण दिसायला लागतं."

इथं बाळीनं चूक केली. तिच्या जागी आंबेकोंडातलं कुणीही असतं तरी हीच केली असती. मांडावर, म्हणजे देवाच्या अंगणात वाडा जमतो तिथं, आधी पोरं बोलतात, मग बाया, मग बापय. बुधवंत सगळ्यात शेवटी. तो बोलला की गोष्ट संपली. त्याच्यानंतर कुणी तोंड उघडायचं नाही. शेवटचा शब्द तोच खरा शब्द, बाकी सगळं नुसतं बोलणं.

"बुधवंत पयला बोलला तर मागनं येणाऱ्यांनी काय करायचं, माश्या मारायच्या?" ती म्हणाली. "शेवटी घाल."

प्रवीणनं क्षणभर तिच्याकडं बघितलं आणि लिहिलं. बाळी कचेरीतनं बाहेर पडली ती ताठ मानेनं. सरकारच्या सभेत आपल्या बुधवंताला मानाची जागा मिळवली, असं तिला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी आंबेकोंडची माणसं दोन जीपमध्ये कोंबून आली. येसाजीनं धुतलेलं धोतर नेसलं होतं. जीपमध्ये बाळीनं त्याला हळूच सांगितलं, "मामा, तीनच मिनटं हायत. देवांना घालायचं गाऱ्हाणं थोडक्यात घ्या. देव जरा कमी करा."

"कुठला सोडू?" येसाजीनं शांतपणे विचारलं. "तू सांग, मी सोडतो."

कुठला सोडायचा ते बाळीला तरी कुठं ठाऊक होतं.

सभा सुरू झाली. सत्तेतल्या पक्षाचे पहिले आमदार उठले आणि त्यांनी वाघाची स्तुती केली. मग रानाची. मग वाघाची स्तुती करणाऱ्या मंत्र्यांची. घंटी वाजलीच नाही. समितीच्या अध्यक्षांच्या बोटाखाली ती निवांत झोपली होती. तेहतीसची एकेचाळीस झाली. विरोधी पक्षानं आपली एकोणीस मिनिटं मागच्या सरकारनं काय केलं आणि या सरकारनं काय केलं नाही, यात घालवली. दोघांनी एकमेकांच्या आयाबहिणी काढायच्याच तेवढ्या बाकी ठेवल्या. आंबेकोंड हे नाव एकदाच आलं, तेही चुकीचं. तिसऱ्या पक्षानं पाच मिनिटांत अध्यक्षांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा उरकल्या.

दार उघडं होतं, शेजारच्या खोलीतनं मटणाचा वास येत होता. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. "इतर. तीन मिनिटं," ते कन्नडमध्ये म्हणाले.

येसाजी उठला. माईक त्यानं हातात घेतला नाही, प्रवीणनं तो त्याच्या तोंडापुढं धरला. येसाजीनं डोळे मिटले, हात जोडले.

"बारा वहाळांच्या देवा, राखणदारा..."

"व्हय देवा!" मागनं आंबेकोंड एका सुरात म्हणालं.

आमदार दचकले, मग हसले. कुणीतरी मोबाईल वर धरला. येसाजी देवांची नावं घेत चालला. वरच्या सीमेचा, खालच्या सीमेचा, पाण्याचा, पाणंदीचा, ज्या आजोबानं पहिला खांब रोवला तो, ज्या आजीला वाघानं नेलं ती. प्रत्येक नावाला व्हय देवा. ही सगळी साक्षीला बसल्याशिवाय माणसानं बोललेलं धरायचं कसं? बाळी भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्याकडं बघत होती. देव अजून अर्धेही झाले नव्हते.

घंटी वाजली. आता ती अगदी जागी होती.

येसाजीनं डोळे उघडले. घंटी ही देवळात वाजते, तशी वाजली असं समजून त्यानं मान लववली आणि पुढचं नाव घेतलं. घंटी पुन्हा वाजली. अध्यक्षांनी हात जोडले, "फार छान, फार छान," म्हणाले, आणि प्रवीणनं माईक मागं घेतला. अध्यक्षांच्या शेजारी लिहून घेणारा बसला होता. त्यानं प्रवीणला विचारलं, "काय बोलला म्हातारा?"

"देवांची नावं घेतली," प्रवीण म्हणाला. ते खोटं नव्हतं.

"आशीर्वाद," लिहून घेणारा म्हणाला आणि त्यानं लिहिलं.

बाळी उभी राहिली. "सायेब, त्यांचं व्हायचं हाय अजून! आम्ही..."

तिचा दंड मागनं धरला गेला. परशू, वाड्यातलाच, तिचा चुलत दीर. "बस खाली, वैनी. बुधवंत बोलला न्हवं?"

"बोलला कुठं? सोड मला!"

"त्याच्यामागनं बोलतीस? बाईमाणूस?" म्हाताऱ्या पार्वतीनं तिच्या लुगड्याचा काठ खेचला. आंबेकोंड तिच्याकडं असं बघत होतं, जणू तिनं मांडावर चपला घालून पाय ठेवला. येसाजीनं मान वळवली. तो रागावला नव्हता. तो समाधानी होता, आणि बाळीला तेच बघवेना. बावीस घरांत एकटी तिलाच कळत होतं की अजून कुणी काहीच बोललेलं नाही. ती खाली बसली.

आमदार जेवायला गेले.

आठ दिवसांनी प्रवीणनं बाजारकुणंगला येणाऱ्या बसमधनं समितीचा कागद पाठवला. बाळीनं तो मांडावर वाचला, कन्नडमधनं मराठीत करत, एकेक ओळ. आंबेकोंड दोनच ओळींत होतं : वाड्याच्या प्रमुखांनी समितीस आशीर्वाद दिला. हरकत नोंदवलेली नाही.

परशू म्हणाला, "मग तवा सांगायचंस की, वैनी."

त्यानं सभेत धरला होता तो दंड बाळीनं त्याच्यापुढं केला. त्यानं मान खाली घातली.

"मी सांगणारच हुतो," येसाजी म्हणाला. त्याचा आवाज अचानक म्हातारा झाला होता. "देव झाले की सांगणारच हुतो."

तेवढ्यात वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, अलीकडं जीप थांबली. उठवायच्या घरांची मापं घ्यायला आलेली चार माणसं उतरली. एकाकडं मोजायची टेप, एकाकडं वही. पुढचा साहेब चपला काढून मांडावर आला, येसाजीच्या पाया पडला. पाया पडला तो मनापासून.

"तुमच्यामुळं फार सोपं झालं बघा, आजोबा," तो म्हणाला. "दुसऱ्या गावात नुसती भांडणं. कुठल्या घरापासनं सुरू करू?"

येसाजीचे ओठ नुसतेच हलले. बोलायचा नंबर त्याचा नव्हताच अजून, आधी बाकीच्यांनी बोलायचं होतं, आणि बाकीचे त्याच्याकडं बघत होते.

बाळी उठली. "आम्ही उठणार न्हाई," ती म्हणाली. "लिव्हा."

"अक्का, ते सभेत सांगायचं असतं," साहेब नरमाईनं म्हणाला. "आमच्याकडं त्याला रकाना नाही."

ती पहिल्या घराच्या उंबऱ्यावर जाऊन बसली, दोन्ही हात चौकटीला लावून. साहेबानं मानेनं खूण केली. दोघांनी टेप तिच्या डोक्यावरनं ताणली, आणि तिसऱ्यानं आकडा वहीत लिहून घेतला.