होडीतून उतरवलेली

मी नववीच्या वर्गातला बाक बोलतोय. सुतारानं मला दोघांसाठी बेतलं, रंधा मारून गुळगुळीत केलं आणि शाळेच्या हवाली केलं. तेव्हापासून पोरांनी कर्कटकानं माझ्या अंगावर नावं कोरली, शिव्याही कोरल्या. त्याचं मला काही नाही. लाकडाला टोचलेलं चालतं.

एका वर्षी माझ्यावर दोन मुली बसायच्या. एक भिंगरी. तिचं तोंड सुरू झालं की थांबायचं नाव नाही. दुसरीला सगळे गोगलगाय म्हणायचे. हळू बोलायची, कुणी हाक मारली की मान आत घ्यायची. पण दोघींचं सूत छान जुळलं होतं. मधल्या सुट्टीत माझ्यावर डबे उघडून बसायच्या. अशीच एकदा गोगलगाय म्हणाली, "माझी आई नोकरीसाठी परगावी नाही गेलेली गं. तिनं दुसरं लग्न केलंय. त्या घरात मी नको होते, म्हणून मामाकडे ठेवलंय मला. कुणाला सांगू नकोस हं."

"वेडी आहेस का? मी कशाला सांगू?" भिंगरीनं तिच्या गळ्यात हात टाकला.

पुढं इंग्रजीच्या सरांनी मन वळवायचे तीन मार्ग शिकवायला घेतले. इथॉस, पेथॉस, लॉगॉस. "आधी आपली पत दाखवा, मग काळजाला हात घाला, मग तर्कानं गप्प करा. वर एखादी उपमा, एखादं रूपक पेरलं की समोरचा गार!" सर शिकवायचे झकास.

मग त्यांनी खेळ काढला. "आपला वर्ग होडीत आहे आणि होडी बुडतेय. एकाला बाहेर टाकायचंय. कुणाला, ते वर्गाला पटवून द्या. जो पटवेल, तो वक्तृत्व स्पर्धेला जाईल."

एकानं मॉनिटरचं नाव घेतलं. "त्याचं डोकं दगडासारखं आहे, सर. होडी त्यानंच बुडतेय." वर्ग खदखदला.

"उपमा ठीक. पण काळजाला हात कुठं घातलास?"

तेवढ्यात भिंगरी उठली. तिनं शेजारणीच्या खांद्यावर हात ठेवला. "मी हिची जिवलग मैत्रीण आहे, म्हणून माझं ऐका. आपल्या प्रत्येकाची घरी कुणीतरी वाट बघतं. हिची कुणी बघत नाही. हिच्या आईनं दुसरा संसार मांडला, तेव्हाच हिला होडीतून ढकलून दिलं. आपण नवीन काहीच करत नाही आहोत."

वर्गात टाळ्या पडल्या.

"शाब्बास! याला म्हणतात रूपक," सर म्हणाले. "आता हात वर करा."

हात वर झाले. गोगलगायीची नखं माझ्या कडेत रुतली होती.

"आता तू. स्वतःचा बचाव कर. इंग्रजीत."

ती उभी राहिली. एकच वाक्य बोलली. 'मला उतरू द्या', एवढाच त्याचा अर्थ. सरांनी क्रियापदाची चूक काढली आणि वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. तिनं ते बिनचूक म्हटलं.

भिंगरी पहिल्या बाकावर बसायला गेली. गोगलगायीला आता सगळे 'बुडालेली' म्हणू लागले. शेवटी मामा दाखला न्यायला आले. ती दप्तर भरत होती, तेव्हा भिंगरी जवळ आली.

"खेळातलं कुणी इतकं मनाला लावून घेतं का गं?"

"तुला दुसरं कुणीच सुचलं नाही?"

"सुचले होते ना," भिंगरी सरळपणे म्हणाली. "पण तुझंच सगळ्यांना पटलं असतं."

भिंगरी स्पर्धा जिंकून आली. सर अजूनही दरवर्षी होडी बुडवतात. माझा एक पाय मोडलाय, मला मागच्या कोपऱ्यात सरकवलंय. मधल्या सुट्टीत दोघी-दोघी येऊन माझ्यावर टेकतात. एकीचा आवाज खाली आला, दुसरीनं कान जवळ नेला, की मी आहे तेवढा जीव एकवटून करकरतो. नको सांगूस, पोरी, नको सांगूस.

त्या दचकतात, हसतात आणि पलीकडच्या बाकावर जाऊन बसतात. मग तिथं सांगतात.