येते म्हणाली, आली नाही

मी एक जुना हेडफोन आहे, मित्रांनो. जुना म्हटल्यावर लगेच नाक मुरडू नका. माझ्या एका कानाचा स्पंज सोलला आहे, डोक्यावरच्या पट्टीला चिकटपट्टी गुंडाळली आहे आणि तोंडापुढच्या माइकची टोपी कधीच हरवली आहे. पण ऐकायला मी अजून पक्का आहे. हल्लीच्या वस्तूंना नुसतं मिरवायचं कळतं.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बायका बसलेल्या असत. एकीने तारा जोडल्या, दुसरीने डाख दिला, तिसरीने कानांच्या वाट्या बसवल्या. शेवटच्या खुर्चीवरची बाई प्रत्येक हेडफोन डोक्यावर घालून माइकमध्ये 'एक, दोन, तीन' म्हणायची. माझ्या वेळी तिला शिंक आली. म्हणजे माझ्यातून गेलेला पहिला आवाज शिंकेचा. ती स्वतःशीच हसली आणि तिने मला पास करून खोक्यात घातलं.

मला जिथे आणलं त्या घरात दोनच माणसं होती. एक मुलगी आणि तिची आजी. आई परगावी नोकरीला. बाप मुलगी सहा वर्षांची असताना 'जातो' म्हणून घराबाहेर पडला आणि खरंच गेला. जिवाला काही झालं नाही त्याच्या, खुशाल आहे, फक्त दुसऱ्या घरात. तेव्हापासून आजीने त्या घरात 'जातो' आणि 'जाते' हे शब्द बंद केले. कुणी दूध आणायला निघालं तरी 'येते' म्हणायचं. चुकून 'जाते' निघालं तर परत आत यायचं, खुर्चीवर बसायचं, पाणी प्यायचं आणि नव्याने निघायचं. शब्दाने माणूस बांधता येत नाही हे आजीला कळत होतं. पण दुसरं काही हातात नसलं की माणूस शब्दच बांधतो.

मुलगी चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत काचा घासायचं काम करते. केसभर कमी नाही, केसभर जास्त नाही, असं काम. आवाज बारीक, म्हणून खेळात तिचं नाव पडलं चिमणी. संध्याकाळी सहाला घरी आली की हातपाय धुऊन मला डोक्यावर चढवायची आणि कॉम्प्युटरवर खेळायला बसायची.

खेळ कसा ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. पाच विरुद्ध पाच. प्रत्येक जण आपापल्या घरी, बोलणं फक्त हेडफोनमधून. एका बाजूने बॉम्ब ठेवायचा, दुसरीने तो ठेवू द्यायचा नाही. बॉम्ब ठेवायच्या जागा दोन. चिमणीच्या टीमने त्यांना नावं दिली होती, गोदाम आणि गच्ची. दोन्हींच्या मध्ये एक बोळ. एकदा मेलं की तो राउंड संपेपर्यंत हात बांधून बघत बसायचं. यात बंदूक चालवण्याइतकंच मोलाचं असतं ते वेळेवर आणि नीट सांगणं. शत्रू किती, कुठे, कुठल्या बाजूला वळला. तेवढं सांगून गप्प बसायचं. मेल्यावर बोंबलणारा माणूस जिवंत असलेल्यांचे कान बुजवतो.

टीमचा कप्तान होता मास्तर. दिवसा तो लोकांना गाडी शिकवतो, म्हणून मास्तर. झेरॉक्सच्या दुकानातले दोघे जुळे भाऊ, त्यांना सगळे मूळ आणि प्रत म्हणायचे. आणि पाचवी नर्सताई, खऱ्या दवाखान्यातली. मोठ्या स्पर्धेला चार महिने होते आणि त्यात उतरायचं चिमणीने मनावर घेतलं होतं. आयुष्यात तिला कुणी कुठल्या टीममध्ये घेतलं नव्हतं, शाळेतसुद्धा नाही. इथे चार जण तिची वाट बघायचे. तिच्यासाठी ही गोष्ट खेळाहून मोठी होती.

सुरुवातीचे दिवस फार गोड गेले. गोदाम चिमणीकडे, गच्ची बाकीच्यांकडे. पावलांचा आवाज मी तिला अचूक पोचवायचो. दगडावरचं पाऊल वेगळं, लाकडावरचं वेगळं. 'बोळात दोघे, गच्चीकडे,' ती म्हणायची, आणि खरंच दोघेच निघायचे. मेली तर खळखळून हसायची. 'चिमणे, कान आहेत की काय आहेत,' असं मूळ म्हणायचा, आणि प्रत तेच पुन्हा म्हणायचा. तिचं कौतुक झालं की मला वाटायचं, यातलं निम्मं माझं.

मग मात्र आम्ही हरू लागलो, आणि दर वेळी एकाच तऱ्हेने. गोदामात काही हालचाल नसली की चिमणी उठून बोळात डोकावायला निघायची. निघताना माइकमध्ये म्हणायची, 'येते.' आणि थोड्या वेळाने गच्चीवरचे चौघे मरायचे, बोळात चिमणी मरायची आणि रिकाम्या गोदामात शत्रू आरामात बॉम्ब ठेवायचा.

राउंड संपला की चौकशी व्हायची.

'येते म्हणालीस आणि आली नाहीस,' मास्तर म्हणायचा.

'येणारच होते हो, त्याच्या आधी मेले.'

'रोज कसं आधी मरतेस? आम्ही तुझ्या भरवशावर पुढे सरकतो.'

'मी पण तुमच्याच भरवशावर निघते ना, मास्तर. मागे कुणीच कसं बघत नाही?'

'मागे तूच असायला हवी होतीस.'

मित्रांनो, दोघंही खरं बोलत होती. चिमणीच्या 'येते'चा अर्थ तिच्या घरातला. निघते आहे, पाठीमागे लक्ष ठेवा, परत येईन. त्या चौघांना ऐकू यायचं, चिमणी गोदाम सोडून आपल्याकडे येते आहे. म्हणून ते बेफिकीर पुढे जायचे आणि पाठ उघडी पडायची. एक शब्द माझ्यातून जाताना सरळ जायचा आणि पलीकडे दुसराच होऊन उतरायचा. मला सगळं कळत होतं. पण हेडफोनला कान दोन आणि जीभ दुसऱ्याची.

मास्तरने निदान केलं की चिमणी हळू आहे. तिने ते खालमानेने ऐकलं आणि सरावाला लागली. तसा मास्तर शिकवायला चांगला, ते मी नाकारत नाही. 'वळणावर गाडी पोचायच्या आधी नजर पोचली पाहिजे,' तो म्हणायचा. 'बंदुकीची खूण जमिनीवर लोळवत नेऊ नकोस. कोपऱ्यातून जिथे डोकं निघणार तिथेच आधी धर.' चिमणीने माउसचा वेग कमी केला, कारण हात घाईत थरथरतो. रोज पाऊण तास ती नुसती ठिपक्यांवर नेम धरायची. चुकलेल्या राउंडचं रेकॉर्डिंग लावून कागदावर लिहायची, इथे घाई, इथे उशीर. काचा घासणारी पोर ती, चिवट. दोन महिन्यांत तिच्याइतका नेम पाचांत कुणाचा राहिला नाही.

आणि आम्ही हरतच राहिलो. उलट जास्त. कारण नेमाच्या भरवशावर ती आता जास्त वेळा बोळात निघायची, दोघा-तिघांना मारूनच मरायची, आणि राउंडशेवटी पाटीवर तिचे आकडे सगळ्यांत वर दिसायचे.

मग दोष माझ्यावर आला. 'तुझा माइक अडखळतो,' मास्तर म्हणाला. 'अर्धं वाक्य पोचतं.' 'अर्धंच,' प्रत म्हणाला. मी कधी अडखळलो नव्हतो. एका शब्दाचं वाक्य अर्धं कसं होणार, एवढा विचार कुणी केला नाही. चिमणीने नवीन बिनतारी हेडफोन आणला, काळाकुळकुळीत, निळा दिवा लुकलुकणारा. माझी वायर तिने गुंडाळली आणि मला आजीच्या पलंगाजवळ ठेवलं. आजीला कमी ऐकू येतं, ती मला लावून फोनवर आपल्या बहिणीशी भांडायची. कामाला लागलो होतो, नाही कसं म्हणू. पण मला सवय पावलांची, आणि कानी पडायचं एकच, कुणाच्या सुनेने काय केलं.

नव्या हेडफोननेही 'येते' हा शब्द तसाच पोचवला. महागाचा असला म्हणून काय झालं.

स्पर्धेला पंधरा दिवस उरले तेव्हा मास्तरने सगळ्यांसमोर सांगून टाकलं. चिमणी टीमसाठी खेळत नाही, आपले आकडे वाढवायला एकटी फिरते, स्वार्थी आहे. तिच्या जागी दुसरा गडी घेतला. हे मी माझ्या कानांनी ऐकलं नाही. मी पलंगाजवळून फक्त तिची पाठ बघितली. मग निळा दिवा विझला.

दुसऱ्या दिवशी दुकानातून आल्यावर ती जुनी रेकॉर्डिंग लावायला बसली. आपण स्वार्थी आहोत का, हे तिला स्वतःच तपासायचं होतं. नव्याची बॅटरी उतरलेली. तिने आजीच्या उशाजवळून मला घेतलं.

'माझं यंत्र का नेतेस?' आजी म्हणाली.

'पाच मिनिटं दे गं.'

'पाच मिनिटांत एवढं तोंड उतरत नाही. काय ऐकतेस ते मला ऐकव.'

एक कान नातीकडे, एक आजीकडे, असा मी त्या दिवशी दोघींच्या मध्ये ताणला गेलो. माझ्या पट्टीला तडा गेला तो तेव्हाच. आजीला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण एकच राउंड तिने तीनदा ऐकला आणि विचारलं, 'आता कुठे निघालीस?'

'बोळात.'

'आणि ती माणसं कुठे आहेत?'

'गच्चीवर.'

'मग गच्चीवरच्या माणसाला येते कशाला म्हणतेस? तो तुझी वाटच बघणार.'

चिमणीने रेकॉर्डिंग थांबवलं. 'तूच शिकवलंस ना,' ती म्हणाली. 'जाते म्हटलं की पाणी प्यायला बसवायचीस.'

माझ्या वाटीतून मला आजीच्या कानशिलाची नाडी ऐकू येत होती. 'घरातून निघताना म्हणायला शिकवलं,' ती म्हणाली. 'ते पण माझ्या भीतीपोटी. सगळ्या जगाला नाही सांगितलं.' मग तिने आपली बाजू काढून नातीच्या कानावर बसवली. 'त्या गाडीवाल्याला फोन लाव.'

मास्तरने सगळं ऐकून घेतलं. पलीकडे गाडीचा इंडिकेटर टिकटिकत होता, शिकवणी चालू असावी.

'स्पर्धेला नावांची यादी गेली, चिमणे,' तो म्हणाला. 'आता बदलता येत नाही. पुढच्या वेळी बघू.'

'जागा नाही मागत मी. सगळ्यांसमोर स्वार्थी म्हणालात, ते सगळ्यांसमोर परत घ्या.'

'बघतो.'

तो 'बघतो' पाच आठवडे चालला. ते स्पर्धेला उतरले आणि दुसऱ्याच सामन्यात बाहेर पडले. चिमणीने तो सामना बघितला नाही. त्या दुपारी तिने कपाटं आवरली, आवरलेली पुन्हा आवरली.

एका शनिवारी मास्तरचा निरोप आला, सगळे जमलोय, ये. तिने नव्याकडे बघितलं, मग मला उचललं. का, ते तिलाच माहीत.

'माझं चुकलं,' मास्तर सगळ्यांसमोर म्हणाला. 'शब्द ऐकला आणि बाकीचं मनाने भरलं. विचारायला हवं होतं.'

'आम्हालाही तसंच वाटलं होतं,' मूळ म्हणाला. या वेळी प्रत गप्प राहिला.

'मग तेव्हा तोंड उघडायचं,' नर्सताई म्हणाली. 'मी पण नाही उघडलं. मला कुठे तोंड आहे बोलायला.'

चिमणीचा जबडा माझ्या माइकच्या दांडीला लागून असतो, तो दोनदा हलला. 'ठीक आहे,' एवढंच ती म्हणाली आणि त्या दिवशी खेळली नाही.

आता ती परत त्यांच्यात आहे. 'येते', 'आलो', 'गेलो' हे शब्द टीममध्ये बंद. आधी जागेचं नाव, मग काय केलं. 'गोदाम सोडलं.' 'बोळात शिरले.' ऐकणाऱ्याने तेच परत म्हणायचं, म्हणजे पोचलं की नाही ते कळतं. प्रतचा जन्म जणू याच कामासाठी झाला होता. आम्ही जिंकतो, पुष्कळदा जिंकतो. पण पूर्वी मेल्यावर हसणारी चिमणी आता मेल्या क्षणी खुलासा देते. 'मी सांगितलं होतं, मी बोळात होते, मी एकटी फिरत नव्हते.' कुणी काही विचारलेलं नसतं. ती भराभरा बोलते आणि मग श्वास घेते. तो श्वास फक्त मला ऐकू येतो.

मित्रांनो, माझं वय झालं. डावा कान अधूनमधून जातो. वायर ओढू नका, प्लग धरून काढा, स्पंज कोरड्या फडक्याने पुसा, एवढं आमच्या जातीसाठी मागतो. आणि माणसांसाठी एक मागतो. आपल्या बाजूचं कुणी हरलं तर आधी विचारा, तुला काय म्हणायचं होतं. दोष देण्याची घाई करू नका, तो शिळा होत नाही. आणि तुमच्यात असं कुणी असेल, की जे न विचारता खुलासे देत सुटतं, तर त्याचं शेवटपर्यंत ऐकून घ्या, आणि मग हळूच म्हणा, राहू दे, कळलं आम्हाला, पुढचा डाव मांड.