बाकी राहिलेले पाच फोटो

कुंपणावर कोपर टेकवून तिने कॅमेरा शर्यतीच्या रस्त्याच्या वळणावर रोखला. कॅमेरा बाबांच्या तरुणपणचा, विटेसारखा जड. वरचा आकडा एकतीसवर होता. छत्तीसचा रोल, म्हणजे पाच फोटो बाकी. शेजारी घडीच्या खुर्चीत बाबा बसले होते. हात थरथरायला लागल्यापासून त्यांनी कॅमेरा सोडला होता, फुकटचे सल्ले मात्र सोडले नव्हते.

"गाडीबरोबर कमरेतून वळ. नुसती मान वळवलीस तर गाडीचं भूत येईल."

"माहीत आहे हो, बाबा."

रोल सहा वर्षांपूर्वीचा. दादा आयुष्यात एकदाच शर्यतीत उतरला, त्या दिवशीचा. त्याच हिवाळ्यात साध्या तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. आई दर शर्यतीनंतर विचारायची, रोल संपला का? बाबांचं उत्तर ठरलेलं. कधी उजेड नव्हता, कधी धूळ फार. अर्धवट रोल धुवायचा नाही हे त्यांचं तत्त्व, आणि त्यापुढे कुणाचं काही चालत नसे. आज मात्र आईनेच कॅमेरा लेकीच्या गळ्यात अडकवला होता. "संपवल्याशिवाय घरी येऊ नकोस."

लाल गाडी आली. तिने गाडीबरोबर वळत फोटो काढला, फिल्म सरकवायचा खटका ओढला आणि सवयीने डावीकडच्या चावीकडे पाहिलं. फिल्म पुढे सरकली की ही चावी फिरते, हे बाबांनीच तिला शिकवलं होतं. चावी हलली नाही. तिने आणखी एक फोटो काढून पाहिला. चावी ढिम्म.

म्हणजे फिल्मचं टोक आतल्या चक्रीत अडकलंच नव्हतं, ती जागची हललीच नव्हती. दादाचा एकही फोटो आलेला नव्हता.

"बाबा, ही चावी..."

"दादाची शेवटची फेरी संपल्यावर पाहिलं मी." बाबा रस्त्याकडेच बघत होते. "तीस वर्षांत कधी चुकलो नाही गं. त्या दिवशी चित्त थाऱ्यावर नव्हतं. पोरगा गाडीत होता ना."

दोन गाड्या गेल्या. दोघांनीही मान वळवली नाही.

"किती झाले?"

"तेहेतीस."

"बास. तीन राहू देत."

घरी आई दारातच उभी होती.

"संपला?"

तिने एकदा बाबांकडे पाहिलं.

"तीन राहिलेत, आई. आज धूळ फार होती."

आईने कॅमेरा हातात घेतला. भिंगावर धुळीचा कण नव्हता, तरी तिने ते हलक्या हाताने पुसलं.

"असू देत," ती म्हणाली. "घाई कुणाला आहे?"