सकाळी सातचा वारा

मी एक जुना वातकुक्कुट आहे, मित्रांनो. हवामान केंद्राच्या गच्चीवर, लोखंडी दांड्यावर उभा. लोहाराने मला पत्र्यातून कापलं तेव्हा तुरा जरा तिरका झाला, पण चोच अचूक उतरली. वारा जिकडून येतो तिकडे चोच करायची, हे माझं काम. सत्तावीस वर्षांत मी एकदाही चुकलो नाही. चुकतात ती माणसं, आणि त्याचाच मला संताप येतो.

आमचे निरीक्षक रोज सकाळी सातच्या ठोक्याला वर येत, मला पाहत, नोंदवहीत 'वारा डोंगराकडून' असं लिहीत आणि जिना उतरत. नोंद खरीच असे. रात्रभर गार झालेली जड हवा सकाळी डोंगरावरून खाली घसरते. पण ऊन चढलं की उतरण तापते, तिथली हवा हलकी होऊन वर जाते आणि दरीतली हवा तिची जागा घ्यायला धावते. दहाच्या सुमारास मी गर्रकन फिरतो, तो संध्याकाळपर्यंत दरीकडेच बघत राहतो. ते पाहायला येतंय कोण? नियमात एकच वेळ लिहिलेली!

निरीक्षकांची लेक डोंगराच्या पायथ्याच्या शाळेत भूगोल शिकवते. एकदा ती वर्ग घेऊन गच्चीवर आली. विषुववृत्तापासूनचं अंतर, उंची, समुद्राची जवळीक, डोंगररांगांची दिशा, अशा कशाकशाने जगातले हवामानाचे पट्टे ठरतात ते तिने झकास सांगितलं. मुलांनी माझं कौतुकही केलं. पण तीसुद्धा सकाळीच आली होती. काखेत कळसा नि गावाला वळसा!

पुढे गावाच्या खालच्या अंगाला, दरीच्या तोंडाशी वीटभट्टी घालायचं ठरलं. नगरपालिकेचे साहेब विचारायला आले, "धूर गावात नाही ना येणार?"

निरीक्षकांनी नोंदवही पुढे केली. "सत्तावीस वर्षं वारा डोंगराकडूनच आहे. धूर दरीत जाईल. निर्धास्त राहा."

तेव्हा दुपारचे बारा वाजले होते आणि माझी चोच दरीकडे होती. कुणी मान वर केली नाही.

भट्टी पेटली आणि दहा वाजता धूर थेट शाळेत शिरला. मुलं खोकून खोकून बेजार झाली. दोन महिन्यांत भूगोलाच्या बाईंचा, म्हणजे निरीक्षकांच्या लेकीचा, आवाज बसला. एके दुपारी ती वडिलांना हाताला धरून वर घेऊन आली.

"बाबा, आता बघा," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"जाम झालाय हा. तेल घालायला हवं."

नाचता येईना अंगण वाकडं! त्यांनी तेल घातलं, मला डोंगराकडे फिरवून सोडलं. मी परत दरीकडे वळलो. पुन्हा फिरवलं, पुन्हा वळलो. तिसऱ्यांदा त्यांनी हात मागे घेतला. खाली बसून त्यांनी पहिल्यांदाच दुपारची नोंद केली आणि वही घेऊन नगरपालिकेत गेले.

तासाभराने परतले ते पडलेल्या चेहऱ्याने. "सातचीच नोंद धरतात म्हणे," ते लेकीला म्हणाले. "दुपारची वर्षभर लिहून आणा, मग बघू."

आता ते दर तासाला वर येतात. मित्रांनो, माझा गंज खरवडा, तेलपाणी करा, मला आवडतं ते. पण आधी माझ्याकडे बघा, आणि दिवसातून एकदाच नका बघू. वर्ष सरायला अजून सात महिने आहेत. तोवर बाई खिडक्या लावून घेतात आणि एक शब्द न बोलता, सगळा धडा फळ्यावर लिहून शिकवतात.