गंगावन

माघातल्या उतरत्या दुपारी, कळंबच्या आमच्या घराच्या माळवदावर, पाठीवर मोकळे सोडलेले अक्काचे केस वाळत असायचे आणि त्यांतून शिकेकाईचा, माक्याच्या तेलाचा ओलसर हिरवा वास खाली अंगणापर्यंत उतरायचा. पलीकडच्या शिवारात ज्वारी हुरड्याला आलेली असे, पाखरं हाकणाऱ्यांच्या आरोळ्या वाऱ्यावर तुटत तुटत येत, आणि त्या साऱ्या सोनेरी कोलाहलात अक्का मांडीवर जाड पुस्तक घेऊन निश्चल बसलेली असे. आजही तिची आठवण काढली की मला आधी तिचा चेहरा दिसत नाही, पाठ दिसते. मी धाकटी. धाकट्यांच्या वाट्याला पाठच यायची, त्यात नवल ते काय!

पण ते केस अक्काचे होतेच कुठं? ते आईचे होते. आईची थोरली बहीण कोवळ्या वयात विधवा झाली, आणि न्हाव्यापुढं बसवलेल्या त्या मुलीचा आक्रोश आईनं दाराआडून ऐकला होता. पुढं आमचे वडील गेले, तेव्हा चुलत्यांनी तीच रीत पुन्हा काढली. आई परसातल्या आडाच्या काठावर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "डोक्याला हात लावाल, तर इथंच उडी घेईन." कुणाची छाती झाली नाही. त्या दिवसापासून या घरातल्या बाईचा केस कात्रीला द्यायचा नाही, हा तिचा एकमेव धर्म झाला. एखादा उपास चुकला तरी तिला चाले, अक्काची तेलवेणी चुकलेली चालत नसे. खालच्या पायरीवर अक्का, वरच्या पायरीवर आई, शेजारी तेलाची वाटी. आईची बोटं मुळांशी संथ फिरत राहायची, आणि अक्का तिच्या गुडघ्यांना पाठ टेकून, डोळे मिटून धडे पुटपुटायची.

मामांनी तिला डॉक्टरकीसाठी हैदराबादला नेलं, तेव्हा निजामाची राजवट नुकतीच गेली होती. शाळेत जे ती 'दिमाग' म्हणून उर्दूतून शिकली, ते कॉलेजात इंग्रजीतून पुन्हा शिकावं लागलं. आणि सुट्टीत घरी आली की ती त्याला मराठी शब्द शोधत बसायची. पण बाई डॉक्टर झाली आणि रोग्यांकडं पाठ फिरवून बरण्यांपाशी जाऊन बसली! माणसाच्या मेंदूनं तिला असं काही झपाटलं, की लग्नाच्या गोष्टी आल्या तशा दारातूनच परत गेल्या. ती सांगायची, ताजा मेंदू खरवसासारखा मऊ असतो; फॉर्मालिनच्या उग्र पाण्यात तो मुरवायचा, घट्ट झाला की कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, रंगवायचे, काचेवर पसरून न्याहाळायचे. हे ऐकल्यापासून मला खरवस गेला नाही तो नाहीच. उरलेला वेळ रसायनांत जायचा. पहाटे खाटकाकडून बकऱ्याचा मेंदू बर्फात आणायचा, थंडगार असतानाच घोटायचा आणि कुठल्या वळकटीत कुठलं द्रव्य दडलं आहे ते वेगळं करून पाहायचं.

"झोपेचं द्रव्य असतं सुमे, भीतीचंही असतं," ती म्हणायची.

"आणि मायेचं?"

"ते अजून हाती लागलं नाही."

"लागलं की बाटलीत भरून पाठव बाई, माझ्या सासूला पाजते!"

अक्का हसली की आवाज यायचा नाही, नुसते खांदे हलायचे आणि वेणी डुलायची. तीच वेणी एक दिवस तिनं कापली. फॉर्मालिनचा वास केसांत असा घर करून बसे, की कितीही न्हालं तरी निघत नसे. शिवाय काचेवर केस पडला की हातचं काम वाया जाई. मानेपाशी तिनं स्वतःच कात्री चालवली, आणि आईपाशी यायचं तेव्हा बाजारातून गंगावन आणलं, म्हणजे कुणा भलतीच्या केसांची तयार वेणी. ती वेणी आपल्या आखूड केसांना घट्ट बांधून, पदर डोक्यावरून घेऊन ती घरी आली. मला अंगणातच कळलं. आईला कळलं नाही, कारण आई वाटी घेऊन आली तेव्हा अक्का घाईनं म्हणाली, "न्हाऊनच आलेय गं, आज तेल नको." आईचा हात वाटीसकट तसाच राहिला. पुढच्या खेपेलाही तेच, त्याच्या पुढच्याही.

"सांगून टाक एकदाचं," मी चिडून म्हणायची. "मारणार आहे का ती?"

"मारलं तर बरं गं," अक्का म्हणायची. "ती आडाकडं बघेल. सांगेन. हातातलं काम संपू दे."

तिचं काम कधी संपायचं! येणं मात्र विरळ होत गेलं. मग भाषेवर राज्यं वाटली गेली, हैदराबाद परमुलूख झालं, आणि लोक म्हणाले, अंतर वाढलं म्हणून लेक येत नाही. मला ठाऊक होतं, अंतर त्या एका वेणीएवढंच होतं.

आणि मग आईच विसरू लागली. आधी भाजीतलं मीठ, मग तिथी, मग देवघर कुठल्या खोलीत ते. माझं सासर दोन गल्ल्यांपलीकडं, म्हणून दिवसभर तिच्यापाशी मीच असे. एके सकाळी तिनं मला प्रेमानं विचारलं, "तू कुणाची गं?" मी चुलीकडं तोंड फिरवून रडले आणि अक्काला कळवलं. ती लगेच एस्टीनं आली. गंगावन लावलं नव्हतं. दारातच म्हणाली, "आज सांगते. रागावू दे, शिव्या देऊ दे. ओळखते तोवर सांगायलाच हवं."

आई वरच्या पायरीवर उन्हात बसली होती. तिनं अक्काकडं पाहिलं आणि पाहुणीकडं पाहून हसावं तशी हसली. अक्का खालच्या पायरीवर तिच्याकडं पाठ करून बसली, डोक्यावरचा पदर खाली घेतला. मी तेलाची वाटी ठेवली. आणि काय सांगू, सगळं विसरलेल्या त्या बाईचे हात आपसूक उठले! बोटं वाटीत बुडली, मुळांशी गेली, पूर्वीच्याच लयीत भांगाकडून मानेकडं उतरू लागली. अक्कानं डोळे मिटले. मला वाटलं, ओळखलं! आता ओळखलं!

मानेपाशी बोटं थांबली. पुढं केस नव्हते. ती खाली चाचपत राहिली, पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली. मग आई वाकली आणि फार हळू आवाजात म्हणाली, "नवरा गेला व्हय गं, पोरी?"

"नाही हो," अक्का म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं आईला परक्यासारखं 'हो' म्हटलं.

"मग? कोण गेलं गं तुझं?"

अक्का म्हणाली, "आई."

"अगं आई गं!" म्हणत आईनं तिचं डोकं ओढून मांडीत घेतलं. तेलाचे हात तिच्या तोंडावरून फिरवत राहिली. "लई लहान गं तू. रडू नको. मेल्यांनी केस तरी ठेवायचे लेकराचे! वाढतील, मी लावत जाईन तेल. माझी पण एक आहे हैदराबादला. लई लांब केस तिचे. येईलच आता." आईसाठी अक्का आईच्याच मांडीत हुंदके देऊन रडली; आणि मी, एवढी तोंडाळ, दारात तोंडावर हात दाबून उभी राहिले.

गावातल्या बायका कुजबुजल्या, मेंदूची डॉक्टर म्हणे, आईचं डोकं काही दुरुस्त करता आलं नाही. एस्टीची वाट बघताना अक्का मला एवढंच म्हणाली, "मेंदूच्या एकेका वळकटीचं नाव मला येतं, सुमे. तिला माझं एक येईना."

त्या दिवसानंतर तिनं केसांना कात्री लावली नाही. बरण्यांपुढं फडकं घट्ट बांधून काम करत राहिली. केस खांद्यापर्यंत आले, आणि आई गेली.

अजूनही माघात अक्का येते. पायरीवर पाठमोरी बसते, मी वर बसून तेल लावते, आणि माक्याच्या वासाखालून फॉर्मालिनचा वास हळूच वर येतो. बोटं मुळांशी पोचली की ती डोळे मिटते आणि मागं रेलते. आईचे गुडघे जिथं असत तिथवर माझे पोचत नाहीत. मग मीच थोडी पुढं सरकते. विसरलेलं जातं कुठं, हे ती तिकडं काचेवर शोधते आहे, आणि इकडं काळ माणूस नेतो, नाव नेतो, ओळखही नेतो. टेकायची जागा मात्र पाठीला ठाऊक असते.