लोखंडाचा रंग

लाल

म्हणजे लोखंड अजून वितळलेलं नाही. भट्टीवाला गडद काचेतून बघतो आणि म्हणतो, "थांबा." कारखान्यात तापमान मोजायचं यंत्र आहे, ते बंद पडलं तरी कुणी दुरुस्तीच्या भानगडीत पडत नाही. हा आहे ना. तेवीस वर्षांत डोळा चुकलेला नाही.

नारिंगी

त्याची मुलगी चौदा वर्षांची. कारखान्यात सगळे तिला ठिणगी म्हणतात. तिचं रक्त जन्मापासून टिकत नाही, दर तीन आठवड्यांनी दुसऱ्या कुणाचं तरी चढवावं लागतं. त्या रक्तातलं लोखंड अंगात साचत जातं. ते बाहेर काढायला गोळ्या. आई पहाटेच कामाला जाते, म्हणून गोळ्या बापाकडे.

पिवळा

"बाबा, आपल्या रक्तातलं लोखंड कुठे तयार झालं सांग."

"आमच्या कारखान्यात तर नाही."

"ताऱ्यांच्या पोटात! मोठमोठ्या ताऱ्यांच्या."

"भट्टीवर कोण होतं?"

"कुणीच नाही. म्हणून तर घोळ झाला. तारा बाकी सगळं जाळून तगतो. पण आत लोखंड साचलं की संपलं. त्याच्यातून धग निघत नाही. तारा स्वतःतच कोसळतो, मग फुटतो. उडालेलं लोखंड फिरत फिरत आलं माझ्यात."

"तुझ्यात जरा जास्तच आलं."

दोघंही हसले. खूप हसले.

पुन्हा लाल

हा रंग इथे यायला नको होता.

डॉक्टरीणबाईंनी बदलून दिलेल्या नव्या गोळ्यांचा पाचवा दिवस. "बाबा, इकडे ये ना," ती संडासातून ओरडली. लघवी विटकरी लाल. त्याने वाकून बघितलं. रंगावरून ओळखणं हा त्याचा धंदा. रक्त! लोकांकडून मागून आणलेलं रक्त असं वाहून चाललेलं.

त्याने गोळ्या बंद केल्या. दोन दिवसांत रंग निवळला.

"बघ," तो म्हणाला.

डॉक्टरीणबाई रागावतील म्हणून सांगितलं नाही. तपासणीत लोखंडाचा आकडा चढत गेला, बाईंनी गोळ्या वाढवल्या. त्या कपाटातल्या डब्यात वाढल्या. सात महिने.

पांढरा

लोखंड ओतायची वेळ.

जिन्याच्या सहाव्या पायरीवर ती बसली, मग आडवी झाली.

"गोळ्या देत होतात ना?" दवाखान्यात बाईंनी विचारलं.

"लघवीतून रक्त जात होतं, बाई. माझ्या डोळ्यांनी बघितलं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "ते रक्त नव्हतं. गोळीनं ओढून काढलेलं लोखंड होतं. रंग बदलेल असं कागदावर लिहून दिलं होतं मी."

"कागद नाही वाचला. रंग वाचला."

"आता हृदयात बसलंय ते." बाईंनी पेन पुन्हा उचललं. "काढायचा प्रयत्न करू."

रंग?

आता औषध सलाइनमधून. पलंगाखाली लघवीची बाटली. रोज सकाळी तो ती खिडकीपाशी नेतो. सोमवारी पिवळी. मंगळवारी पिवळी. देवा, लाल होऊ दे. असं मागणारा बाप त्या वॉर्डात तो एकटाच.

बुधवारी.

"सांग ना," ती डोळे मिटूनच म्हणाली. ओठ निळसर.

"लाल."

"नक्की?"

तेवीस वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. तो बाटली घेऊन बाईंना विचारायला गेला.

बाईंनी ती उजेडात धरली. "हो. लोखंडच."

त्यांनी बाटली परत त्याच्या हातात दिली. "हृदयातलं वेळेत निघेल का, ते रंगावरून नाही कळत."