चौथं कापड

मी कापडी बांधणीची वही बोलतेय. बसा, पण हात लावू नका. हात लावणाऱ्या माणसांचा मला वीट आलाय.

माझा जन्म एकोणीसशे एकाहत्तरचा, पुण्यातल्या एका अध्यापिका विद्यालयाच्या वसतिगृहातला. शिक्षिका व्हायचं तर हस्तव्यवसायाच्या परीक्षेला प्रत्येक मुलीनं स्वतःच्या हातानं एक वही बांधायची, असा नियम होता. मैना नावाच्या मुलीनं मला बांधलं. पानं शिवली, पुठ्ठा कापला, कीड लागू नये म्हणून मोरचूद घालून खळ शिजवली आणि वर निळं मांजरपाट चढवलं. पोरगी मनापासून राबली, एवढं मान्य करते. पुढच्यांबद्दल तेही म्हणवत नाही.

परीक्षक बाहेरून यायचे. वही तपासली की पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला सही-तारीख टाकायची आणि वरचा कोपरा कात्रीनं छाटायचा, म्हणजे पुढच्या वर्षी तीच वही कुणी दाखवू नये. पास झाली मैना आणि कान कापला माझा.

ती मला खोलीतल्या कपाटात टाकून गेली. दुसऱ्या वर्षी तिथल्या हेमानं कापलेल्या कोपऱ्याला पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवला, आत नवा कागद लावला आणि वर फुलाफुलांचं चीट चढवलं. सही झाली, कोपरा गेला, हेमा पास. तिसऱ्या वर्षी शकूनं चीट सोलून हिरवा खण चढवला. चोरीच्या मालाला खण! हौस बघा.

पण शकूची खळ ओली राहिली होती. परीक्षकांचं नख लागलं तसा आतला कागद पदरापदरानं सुटला. वर गेल्या वर्षीची सही, खाली त्याच्या आदल्या वर्षीची. दोन्ही त्यांच्याच. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! आता सापडले सगळे.

कसले सापडताहेत! शकूला पकडायचं तर गेल्या वर्षी आपण डोळे झाकून सही केली, हेही लिहून द्यावं लागणार होतं. त्यांनी कागद तळव्यानं दाबून बसवला.

"छान. त्रेचाळीस."

पुढची वही जरीनाची होती. जरीना शकूच्या शेजारच्या खाटेवरची. आठ दिवस खपून तिनं वही बांधली होती. पुठ्ठा वाकला होता, कापडाला सुरकुत्या होत्या, पण शिलाई पक्की होती. माझ्यामुळे आलेला राग परीक्षकांनी तिच्यावर काढला.

"ही वही आहे की पापड?"

"सर, मी स्वतः बांधलीय."

"ते दिसतंयच. शेजारची बघा जरा. बघून शिका काही."

पन्नासात सतरा. नापास.

कात्रजच्या एका शाळेत जरीनाची नोकरी ठरली होती. हेडमास्तरांनी कळवलं, ऑक्टोबरच्या परीक्षेपर्यंत जागा धरून ठेवतो, पुढे नाही.

शकूनं जाताना मला तिच्यापुढे टाकलं. "ही घे गं. कापड तेवढं बदल."

"नको. माझी मी बांधीन," जरीना म्हणाली.

माणसांमध्ये मला आवडलेली ती एकटीच. तिच्यावर मी जीव टाकला, आणि चूक केली.

पुढच्या पाच महिन्यांत तिनं दोन वह्या बांधल्या. पहिली वाकली. दुसरी चांगली झाली होती, मी शपथेवर सांगते. पण तिनं ती माझ्याशेजारी ठेवली, एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "सतरा," असं स्वतःशीच पुटपुटली आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी माझा खण सोलायला घेतला.

आणि काय हात चालला तिचा! चारही कोपरे काटेकोर दुमडलेले, कापडाला एक सुरकुती नाही. हा हात असताना माझी काय गरज होती, मूर्ख मुली?

परीक्षकांनी मला हातात तोललं, कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. ओळखलं त्यांनी.

"आता जमलं," ते म्हणाले.

"हो सर. आपणच म्हणाला होतात, शेजारची बघून शिका."

त्यांनी मान वर न करता सेहेचाळीस लिहिले.

निकालाच्या सकाळी जरीना मला घेऊन मागच्या अंगणात पेटलेल्या बंबापाशी गेली. मी धन्य झाले. घाल बाई, घाल एकदाची! तेवढ्यात आंबेगावची एक नवी मुलगी बादली घेऊन आली.

"ताई, जाळताय कशाला? चांगली हाय की. मला द्या."

'तुझी तू बांध.' एवढंच म्हणायचं होतं. दोन दिवसांनी बाई म्हणून वर्गावर उभी राहणार होती ती. जरीनानं मला त्या मुलीच्या हातात दिलं.

आता मी त्या मुलीच्या ट्रंकेत आहे. ती पाचवं कापड शोधतेय. माझी पानं अजून सगळी कोरी आहेत. मला वाचवू नका, तेवढी माझी लायकी राहिलेली नाही. पण तुमची मुलं कात्रजच्या त्या शाळेत जात असतील, तर जरीनाबाईंना एकदा वही बांधून दाखवायला सांगा. फार सुंदर बांधतील. त्यांना ते अजून ठाऊक नाही.